आईचा मरवा आणि आपांची कात्री

आमच्या नांदेडात वसंत ऋतू येतो, यावर माझा विश्वास नाही. शाळेच्या पुस्तकात येत असेल. इथं थंडी उतरते न उतरते तोच गच्चीची फरशी पाय भाजायला लागते. तरी यंदा मी त्या वसंताची वाट पाहत होते, आणि तीही डोळ्यांत प्राण आणून.

कारण एकच, मरवा. गच्चीवर माझ्या बारा-पंधरा कुंड्या आहेत. गवती चहा, पुदिना, ओवा, सब्जा. गेलं तर पुन्हा आणता येईल असं सगळं. मरवा मात्र आईचा. माहेरी, मुरुडच्या अंगणातून तिनं स्वतः उकरून दिलेला, मी एसटीत मांडीवर धरून आणलेला. पुढं ती गेली, भावानं अंगणात फरशी घातली, आणि तिच्या हातचं झाड म्हणून माझ्या कुंडीतलं तेवढंच उरलं. गजऱ्यात आई मोगऱ्यापेक्षा मरवाच जास्त घालायची. पान चुरगाळलं की ती मागं येऊन उभी राहिली असं वाटायचं.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस मला दिसलं, मरव्याचे तीन शेंडे गायब. मोडलेले नव्हते, तिरके कापलेले. कबुतरांना कात्री चालवता येत नाही. आमच्या ह्यांना मरवा आणि कोथिंबीर यांतला फरक कळत नाही, तरी दोन दिवस मी त्यांच्यावरही नजर ठेवली. मग उरलं गच्चीवर येणारं तिसरं माणूस, खालच्या मजल्यावरच्या आपा. त्या बायकांचे ब्लाउज शिवतात. घरात जिकडं बघावं तिकडं कात्री.

वीस वर्षांचा आमचा शेजार. संक्रांतीला माझा तिळगूळ खाली जातो, ईदला त्यांचा शीरखुर्मा वर येतो. यंदा तिळगूळ डब्यातच राहिला. आपा कपडे वाळत घालायला आल्या की मी कुंडीशेजारी जाऊन उभी राहायची, त्यांनी काही विचारलं तर ‘हं’ म्हणायची. विचारून मोकळं व्हावं, एवढा सरळपणा माझ्या अंगात नाही.

थंडीत पानं झडून महिनाभरात मरव्याच्या नुसत्या काड्या झाल्या. मी सगळं खापर त्या कात्रीवर फोडलं. आतून तरी झाड जिवंत आहे का, हे बघायला रोज सकाळी नखानं साल खरडायची. खाली हिरवं दिसलं की बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी कालचं हिरवं खरं होतं का, अशी शंका यायची. मग पुन्हा नख.

“तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं,” हे म्हणाले.

होळी झाली. समोरच्या कडुलिंबाला तांबूस पालवी आली. ओवासुद्धा फुटला. मरवा ढिम्म. पाडव्यापर्यंत फुटला तर फुटला, असं मी मनाशी ठरवलं, आणि त्यावरही माझा भरवसा नव्हता.

पाडव्याला चार दिवस असताना जिना उतरताना वास आला. दुसऱ्या कशाचा असणंच शक्य नव्हतं. मी तशीच आपांच्या दारात जाऊन उभी राहिले. शिलाई मशीनशेजारी, खिडकीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात मरवा उभा होता. हिरवागार, वीतभर उंच.

“हा माझ्या आईचा आहे,” मी म्हणाले. आवाज चढला होता आणि फाटलाही होता.

“हाव, तुमचाच हाय,” आपा मशीन थांबवून म्हणाल्या. “तीन काड्या म्याच नेल्या. मागून नेलेला मरवा लागत न्हाई ना, ताई. चोरूनच न्यावं लागतंय.”

हे आईही म्हणायची. अगदी असंच.

“माझा वाळला,” मी म्हणाले.

“वाळंल न्हाई तर काय? रोज साल खरडून राहिल्या तुम्ही. कपडे वाळत घालताना बघायची मी. लई येळा वाटलं सांगावं. पण तुम्ही तर बोलणंच टाकलं माझ्याशी.”

मी माझ्या नखांकडे पाहिलं. त्यांत अजून सकाळची साल होती. आईचं झाड मी माझ्या हातानं मारलं होतं, आणि तेवढे दिवस चोर शोधत होते. मला भयंकर लाज वाटली.

“आपा, मला एक काडी...”

“मागू नका!” त्या जवळजवळ ओरडल्याच. मग मशीनवरची कात्री उचलून त्यांनी डब्याजवळ ठेवली. “म्या चहा ठेवते. लई येळ लागतो मला.”

आत भांडी वाजायला लागली. दोन कप चहाला एवढी भांडी लागत नाहीत. मी तीन शेंडे कापले, तिरके, आणि पदरात गुंडाळले. डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं.

चहा आला तेव्हा खोलीभर मरवा घमघमत होता. माझी बोटं, पदर, सगळंच. कप घ्यायला हात पुढं करायची सोय नव्हती. आपांनी ओढणीचं टोक नाकाला लावलं.

“सर्दीनं नाक बंद हाय वो ताई सकाळपासून,” त्या म्हणाल्या. “कशाचा वासच न्हाई येऊन राहिला.”