दहाव्याला मी उभा राहिलो

कुरवंड्याला बायकोच्या चुलत चुलत्यांचा, आबांचा, दहावा होता. श्रद्धांजलीची भाषणं चालू असताना माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि मी सवयीने ताडकन उभा राहिलो. दहाव्याला मधेच उभा राहिलेला माणूस म्हणजे बोलणारा माणूस, ही आमच्या मावळातली साधी गोष्ट पन्नाशी उलटलेल्या मला आठवली नाही.

घड्याळ लेकीने बांधलेलं, दर अर्ध्या तासाला उठवणारं. वडगावला तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. सकाळी खुर्चीला चिकटलो की संध्याकाळीच सुटायचो. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, पण दर अर्ध्या तासाने उठून दोन-चार मिनिटं चाला. साखर उतरली नाही तर इन्सुलिनचं बघू." वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. पुढे त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं. तेव्हापासून अंघोळीला बसलो की मी माझी बोटं मोजतो. अजून दहा आहेत. रक्ताचा रिपोर्ट सोमवारी मिळणार होता.

"भाऊ, बोलायचंय व्हय? या की म्होरं!" मंडपातून कुणीतरी म्हणालं, आणि माईक हातात आलासुद्धा. भरल्या मंडपात माझी साखर वाढलीय म्हणून उठलो, असं कसं सांगणार?

मग आठवलं ते बोललो. "आबा सातबाऱ्याच्या अर्जाला माझ्याकडे यायचे, पण खुर्चीवर कधी टेकले नाहीत. म्हणायचे, 'मला डोंगर चढायचाय. तू बस.'"

'तू बस' म्हणताना माझी मान खाली गेली, नजर माझ्याच पायांवर. समोरच्या म्हाताऱ्या मावशीने पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं, केवढी माया! मला मात्र वडिलांचा पाय दिसत होता. आबा पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत गुरांमागे डोंगर चढले, आणि मी त्यांचा अर्ज लिहून झाल्यावरही तिथेच बसून होतो.

परतताना तुंगार्लीजवळ मी गाडीत बायकोला विचारलं, भाषण कसं झालं? मला वाटलं, आवडलं असावं.

"बोललात छान," ती म्हणाली. "पण उभे होतात ते चारच मिनिटं. मग जेवायला पाऊण तास बसलात, त्यात घड्याळ थरथरलं तर हात पाठीमागे लपवलात. मी पंगतीत वाढत होते, बघितलं सगळं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उद्यापासून मीच फोन करीन दर अर्ध्या तासाने. उभं राहूनच उचलायचा. आणि मला खोटं बोललेलं कळतं, अहो."