भर उन्हाळ्यात आईचा डोळा
आई अमरावतीच्या बाजारात फुलं विकते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत चालला होता, तरी तिची टाळाटाळ सुरूच. आधी दसरा-दिवाळीचा झेंडू, मग लग्नसराई, आणि उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. मी अकोल्याहून फोनवर भांडायचे. ती नुसती हो हो म्हणायची.

सुट्टीत माहेरी पोचले तर आई अंथरुणावर. डोकं भयंकर दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या आणि आत्या कैरीचं पन्हं पाजत बसली होती.

"ऊन लागलं तिले," आत्या म्हणाली. मलाही ते पटलं. बाहेर आगच होती. तेवढ्यात आईनं डोळ्यावरचा पदर बाजूला केला. डोळा लालभडक, बाहुली पांढरीफटक.

"या डोयानं काईच दिसून नाई राहिलं," ती हळूच म्हणाली.

मी तशीच तिला रिक्षात घातली. आत्याही चढली.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासून सरळ सांगितलं, "मोतीबिंदू इतका फुगलाय, की डोळ्यातल्या पाण्याची वाट अडली. दाब वाढून काचबिंदू झालाय. आज औषधांनी दाब उतरवू, उद्या मोतीबिंदू काढून भिंग बसवू. डोळ्याची नस किती वाचली, ते पट्टी काढल्यावरच कळेल."

"उन्हायात डोया कापत नसतात, चिघयते," आत्या हटेना.

मी तडकले. "हिवाया येईपर्यंत डोया राहीन काय, आत्या?" आणि सही करून टाकली. खरं सांगते, खात्री मलाही नव्हती. नस गेली असेल तर सगळं फुकट जाणार होतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायच्या वेळी मला एका जागी बसवेना. आत्या देवाचं नाव घेत होती. डॉक्टरबाईंनी पट्टी काढली, आईचा डावा डोळा झाकला आणि आपला डावा हात तिच्यासमोर धरला.

"आजी, किती बोटं?"

आई बघत राहिली.

"दोन," आई म्हणाली. "आन् एकाच्या नखावर कायं लागून हाये, डाक्टरबाई. पुसून घ्या."

डॉक्टरबाईंनी हात उलटा करून पाहिला. मतदानाची काळी शाई होती ती, नखाच्या कडेला उरलेली. मी आत्याचा दंड इतका घट्ट दाबला, की ती ओरडलीच.