मेघनाचे दाखले

ठाकुर्लीच्या चाळीत राहणारी मेघना कल्याणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तिनं आईची टिकली चिकटवलेली. कपड्यांच्या दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला, की "कशाला हवाय?" असं तोंडावर विचारायची. मैत्रिणी तिला इन्स्पेक्टर म्हणत.

तिला परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. "जय भीम, मेघनाताई! स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधून बोलतोय. तुमच्या पप्पांचं उत्पन्न बघता आमच्याकडे खास सवलत आहे."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जय भीम तिच्या घरचंच. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण ते कोणाला, कधी सांगायचं हे ती ठरवणार. हा कोण टिकोजीराव लागून गेला?

मग तिला आठवलं. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळं तिनं स्वतःच कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या विकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. सगळेच पाठवतात. प्रिंट हातात आली की विषय संपला, असं तिलाही वाटलेलं. एवढी शहाणी, आणि नेमकी तिथंच माती खाल्ली.

ती तडक दुकानात शिरली. कॉम्प्युटरवर गेल्या तीन वर्षांतले मुलांचे दाखले तसेच पडलेले.

"विकीदादा, क्लासवाल्याला माझे कागद तू दिलेस?"

"अगं, तो पेनड्राइव्हमध्ये घेऊन गेला. त्याची पोस्टरं इथंच छापतो ना मी. पोरांचं भलंच होतंय, एवढं काय त्यात?"

"माझं भलं तू ठरवणार? आत्ताच्या आत्ता डिलीट कर. सगळ्यांचे. माझ्यासमोर!"

मागे रांग खोळंबली. "ए, आटप ना यार, आज लास्ट डेट आहे!" कोणीतरी ओरडलं. जिच्यासाठी भांडावं, ती रांगच तिच्यावर वैतागली होती. पण फोल्डर रिकामं होईपर्यंत मेघना जागची हलली नाही.

क्लासवाल्याकडे गेलेलं मात्र तिथंच राहिलं. त्याची तक्रार करायला ती कॉलेजच्या ऑफिसात गेली. क्लार्क हेमांगी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"लेखी अर्ज दे. सोबत आधारची झेरॉक्स जोड. समोरच काढून मिळेल."

मेघनानं त्यांच्याच टेबलावर अर्ज लिहिला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'सोबत काहीही जोडलेलं नाही, कारण तक्रार त्याचीच आहे.' हेमांगी मॅडम पोच म्हणून शिक्का मारेपर्यंत ती समोरची खुर्ची सोडून उठली नाही.