दहिवरातलं इंग्रजी

घाटंजीजवळच्या शिवारात मैनाबाई बोलायला लागल्या की तिसऱ्या वावरातले बैल कान टवकारत. पाऊसपाणी, सरपंच, शेजारणीची सून, सगळ्यांवर त्यांचं मत तयार असे. पण इंग्रजीच्या शिकवणीत उभं केलं, की हीच बाई पदराचं टोक चघळत बसे.

सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या बायांच्या गटाच्या त्या अध्यक्ष. कापूस पाहायला परदेशातून एक बाई येणार होती. दुभाषा म्हणून पुतण्या पिंटू टपूनच बसला होता. मागच्या पाहुण्यांपुढे त्याने बायांची सगळी मेहनत "माय फार्म, माय फार्म" करत स्वतःच्या नावावर खपवली होती. या खेपेला आपणच बोलायचं, असं ठरवून मैनाबाईंनी अनघा मॅडमची शिकवणी लावली.

मॅडम जीव तोडून शिकवायच्या. फक्त प्रत्येक चूक जागच्या जागी पकडायच्या, तांदळातला खडा वेचावा तशी. तिसऱ्या खड्याला मैनाबाईंची वाचा बसे.

"काय झालं, काकू? थांबलात का?"

"शब्द येतात जी मॅडम. तुमचं तोंड पाह्यलं की वापस जातात!"

पाहुणी आली ती भल्या सकाळी. मैनाबाईंनी "वेलकम" म्हटलं आणि पुढचं सगळं पाठांतर उडालं. पिंटू खाकरून पुढे सरसावला. तेवढ्यात पाहुणी हौसेने पऱ्हाटीत शिरली आणि दहिवराने भिजलेला कापूस पाल्यापाचोळ्यासकट ओरबाडू लागली.

"नो! नो, बाई!" मैनाबाई कडाडल्या. "कॉटन वेट! टुडे पिक, टुमारो यलो! फर्स्ट सन कम, देन पिक! अँड लीफ नो! ओन्ली व्हाइट!"

पाहुणीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "सॉरी" म्हणाली आणि लिहून घ्यायला वही काढली. बाजूला उभ्या असलेल्या अनघा मॅडमचं तोंड सवयीने उघडलं. वहीकडे पाहून त्यांनी ते मिटलं. पिंटूने "शी मीन्स" एवढंच म्हटलं.

"चूप बस ना बाप्पा! मी बोलून राह्यली ना?"

ऊन वर येईपर्यंत दोघी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसल्या. पाहुणी विचारत होती, मैनाबाई दोन्ही हातांनी इंग्रजी बोलत होत्या. क्रियापदांचे हाल कुत्रं खाईना, पण खत कोणतं, वेचणाऱ्या बाया किती, सगळं वहीत उतरत होतं.

प्रश्न संपले, तशी मैनाबाईंनीच सुरुवात केली.

"युवर फादर... फार्म?"

पाहुणी हसली. वडिलांच्या गाई होत्या म्हणे.

"हाऊ मेनी काऊ?" म्हणत मैनाबाई तिच्याजवळ सरकल्या.