ताण्यावर वारं नको

सोलापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आई कामावरून तशीच आली होती. केसांत कापसाचे तंतू. "खिडकीची जागा धर. वारं लागंल," एवढंच म्हणाली. मी पुढे अहमदाबादला आर्किटेक्चर शिकायला निघाले होते. ती अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये टॉवेलच्या मागावर परत गेली. त्या शेडच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली असत. भर दिवसा ट्यूबलाइट.

अहमदाबादेत मी हवेची वाट कागदावर आखायला शिकले. तिथंच नोकरी, फ्लॅट, सकाळच्या चहाबरोबर खाखरा. तुमच्यातले जे गावात मागे राहिले आणि जे माझ्यासारखे गाव सोडून निघाले, त्या सगळ्यांना एक सांगते: मनात मात्र मी सतत त्याच शेडच्या खिडक्या उघडत होते.

मग सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकांनी मागांची नवी शेड माझ्यावर सोपवली. मी मागांच्या उंचीवर मोठमोठ्या खिडक्या काढल्या आणि ड्रॉइंग मोठ्या तोऱ्यात आईपुढे ठेवलं. तिनं बोट टेकवलं.

"हे वारं सरळ ताण्यावर येतंय की. उन्हाळ्यात उभा धागा वाळून तडातडा तुटंल. खिडक्या काय हौस म्हणून बंद ठिवत होतो व्हय आमी?"

इतकी वर्षं त्या वर्तमानपत्रांना मी तिच्या शेडच्या मालकाची कंजुषी समजत होते.

आठवडाभर आम्ही दोघी त्या कागदावर वाकून बसलो. खिडक्या गेल्या. गुडघ्याखाली झरोके आले, त्यांच्याबाहेर पाण्याचा हौद. हवा ओली होऊन, मागांच्या खालून शिरणार. तापलेली हवा माथ्यावरच्या फटीतून बाहेर. छपरात उत्तरेकडे तोंड केलेल्या उभ्या काचा, म्हणजे ऊन नाही, नुसता उजेड.

पाया भरला त्याच महिन्यात आई गेली.

"मॅडम, मे महिना बघू," मालक म्हणाले. "धागा तुटला, की पत्रे ठोकून सगळं बंद."

परवा, मे महिन्यातल्या भर दुपारी मी तिथं गेले. सगळे माग चालू, एकही ट्यूब लावलेली नाही.

"धागा टिकलाय," मालक हसत म्हणाले. "भांडणं वाढल्यात. काचेखालच्या मागासाठी बायका एकमेकींना ढकलायला लागल्यात की!"

"व्हय, आन् मी हितनं हलणार न्हाय!" मागांच्या खडखडाटातून एक बाई ओरडली.

घर कुठलं, हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. परवा मी झरोक्यापाशी जमिनीवरच बसले. पायांना गार झुळूक लागली.

आई, वारं लागतंय.