सुमनबाईंचा पाण्यातला पोशाख

सुमनबाईंच्या दोरीवर लुगड्यांच्या शेजारी एक काळा रबरी माणूस उलटा टांगलेला असतो. हात आहेत, पाय आहेत, फक्त मुंडकं नाही. आमच्या गल्लीत नवीन भाडेकरू आला की पहिल्या दिवशी दचकतो. मग कुणीतरी सांगतं, "घाबरू नका, तो सुमनबाईंचा गंगेत उतरायचा पोशाख हाय."

आम्ही नांदेडची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. सुमनबाई आणि त्यांचे मालक नरसिंगभाऊ त्या गंगेत पडलेलं, हरवलेलं काढायचं काम करतात. नरसिंगभाऊ काठावरून दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक फेकतात आणि ओढतात. लोकांनी वाहिलेली चिल्लर त्याला चिकटून येते. पण सोनं, चांदी, पितळ चुंबकाला चिकटत नाही. त्यासाठी पाण्यात उतरून धातू शोधणारं मशीन फिरवावं लागतं; खाली धातू असला की ते कानात वाजतं. लांब दांडा, खाली ताटलीसारखी चकती, वर खोका. चकती पाण्यात चालते, खोका भिजला तर संपला. म्हणून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुमनबाई खांद्याशी बांधतात. नरसिंगभाऊंना दमा आहे, त्यामुळे पाण्यात त्याच उतरतात. कुणाचं मंगळसूत्र, कुणाची अंगठी, एकदा तर एका सरदारजींचं कडं. सापडलं की ज्याचं त्याला.

उन्हाळ्यात काही अडचण नव्हती. अडचण थंडीची. दिवाळीनंतर पाणी खाली जातं, तळ हाताशी येतो, म्हणजे कामाचे दिवस तेच. आणि अंगात हुडहुडी भरते तीही तेव्हाच. पहिल्या वर्षी त्या करडीचं तेल चोळून, लुगड्यावर नरसिंगभाऊंचा शर्ट घालून उतरायच्या. अर्ध्या तासात ओठ निळे.

मी शिवणकाम करते. मला वाटलं, आपण यांना काहीतरी ऊबदार शिवून द्यावं. मी कापसाच्या मुलखातली, ऊब म्हटलं की मला कापूसच आठवतो. नवा पिंजलेला कापूस भरून, गोधडीसारखे टाके घालून मी एक जाड बंडी शिवली. सुमनबाईंनी ती घातली आणि त्या हसल्या, "उमाताई, भट्टीत बसल्यावानी वाटून राहिलं."

काठावर भट्टीत. पाण्यात कंबरेएवढं गेल्यावर ती बंडी पाणी पीत सुटली. बाहेर यायला निघाल्या तर पाऊल उचलेना. खांद्यावर ओलं पोतं टाकल्यासारखं झालं होतं. नरसिंगभाऊंनी चुंबकाची दोरी त्यांच्याकडं फेकली आणि बायकोला ओढून घेतलं. काठावर आल्यावर त्यांनी बंडी पिळली. पाणी संपेचना.

"ताईंनी तुझ्यासाठी गादी शिवली व्हती का काय?" नरसिंगभाऊ म्हणाले.

मी शरमेनं मान खाली घातली. सुमनबाईंचे दात वाजत होते, तरी म्हणाल्या, "असू द्या हो. उन्हाळ्यात कूलरला लावू, हप्ताभर पाणी घालायला नको."

त्यांची मुलगी लुंबिनी लातूरला दवाखान्यात नर्स आहे. तिनं फोनवर आम्हा दोघींची शाळा घेतली. "उमामावशी, सुती कपडा वला झाला की अंगातली गरमी वढून घेतो. पाण्यात कापूस दुश्मन हाय." आणि महिनाभरानं तिनं पाणबुडे घालतात तसला रबरी सूट मागवून पाठवला. बोटभर जाडीचा नाही, पण चपलेच्या वरच्या पट्ट्याएवढा जाड, दाबला की दबणारा.

तो पुरुषी मापाचा निघाला. खांदे लोंबत होते, कंबरेत दोन मुठी जातील एवढी जागा. सुमनबाई म्हणाल्या, "सैल हाय ते बरं, आत स्वेटर घालता येईल." मलाही ते पटलं. पण लुंबिनीनं पुन्हा फोनवर समजावलं: आत थोडं पाणी शिरणारच, पण सूट अंगाला घट्ट असेल तर ते तिथंच थांबतं आणि अंगाच्या उबेनं कोमट होतं. सैल असेल तर गार पाणी येत राहतं, जात राहतं. मग सूट घातला काय, न घातला काय.

मग मी तो उलटा करून बेतला. सुईनं टोचलं तर पाणी झिरपणार, म्हणून कापलेल्या कडा सायकलच्या दुकानातल्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवल्या, आणि वरून टाका फक्त अर्ध्या जाडीत घेतला, आरपार नाही. चार दिवस लागले. पहिला कट देताना मी देवापुढं दिवा लावला होता, कारण बिघडला असता तर दुसरा कुठून आणायचा? बाकीचं सुमनबाईंनीच ठरवलं. गमबूट नको, पाणी भरलं की गाळात रुततात. लोकरीच्या मोज्यांवर कॅनव्हासचे बूट. डोक्याला लोकरीची कानटोपी, पण सैल विणीची, म्हणजे आत घातलेला मशीनचा इयरफोन कानाला रुतत नाही. हाताला धुणीभांड्याचे रबरी मोजे. आणि एक गोष्ट त्या अनुभवानं शिकल्या होत्या: पहाटे पाण्यात तितकं गार लागत नाही, जितकं बाहेर येऊन वाऱ्यावर उभं राहिलं की लागतं. त्यावर मात्र आम्हाला काही सापडलं नव्हतं. टॉवेल, चादर, काहीही पांघरलं तरी ते ओलं होऊन जायचं.

मागच्या मार्गशीर्षात रेणापूरची केवळाबाई नावाची म्हातारी आपल्या घरचे देव घेऊन घाटावर आली. नातवाचं लग्न रविवारी होतं. त्यांच्याकडं लग्नाआधी देव्हाऱ्यातले टाक गंगेवर नेऊन न्हाऊ घालायची रीत आहे. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले देव. शेवटच्या पायरीवर बसून ती एकेक टाक धूत होती. गारठलेल्या बोटांतून खंडोबाचा टाक निसटला. ती बुधवारची दुपार. पायऱ्यांवरच्या लोकांनी हात घालून पाहिलं, काही लागलं नाही.

गुरुवारी सकाळी तिचा मुलगा भागवत सुमनबाईंचं घर विचारत आमच्या गल्लीत आला. "आई कालपासून जेवली न्हाई. टाक सापडल्याबिगर घास घेत न्हाई म्हणती. लग्न पुढं ढकलायला सांगून राहिली. अन् घाटावर सांगितलंय, दुपारी बाराला वरच्या धरणातून पाणी सोडणार हायेत."

पाणी सुटलं म्हणजे गाळ हलणार, आणि एवढासा पत्रा कुठल्या कुठं जाणार. सुमनबाईंनी दोरीवरचा सूट काढला. सूट घातला की पाठीवरची चेन त्यांना एकटीला ओढता येत नाही, म्हणून मीही बरोबर गेले.

घाटावर केवळाबाई एका जुन्या काळ्या घोंगडीवर बसली होती. पुढ्यात लाल फडक्यात बाकीचे टाक. भागवत तिला समजावत होता, "आई, लातूरच्या सोनाराकडून नवा करून घेऊ. शनिवारपर्यंत देतो म्हणला."

"तुझी माय हरपली तर नवी करून घेशील का?" म्हातारी म्हणाली. मग तिनं सुमनबाईंकडं पाहिलं. काळ्या रबरात गच्च आवळलेली, डोक्यावर कानटोपी, असं ध्यान तिनं कधी पाहिलं नसावं. "माझ्या सासूनं दिल्याला टाक हाय, माय. धुऊन धुऊन देवाचं तोंड पुसून गेलंय. वळखू येईल का तुला?"

"आमच्या घरी बुद्धाची मूर्ती हाय, आजी, टाक न्हाईत," सुमनबाई म्हणाल्या. "पर हरवलेलं वळखायला येतं मला. तुम्ही च्या तरी घ्या."

"न्हाई."

सात वाजले होते. पाण्यावर वाफ होती. अडचण अशी की त्या पायऱ्यांखाली नाण्यांचा नुसता थर. मशीन पावलापावलाला वाजणार. म्हणून आधी नरसिंगभाऊंनी चुंबक फेकून तासभर तो सगळा पट्टा झाडून काढला. चिल्लरचे झुपकेच्या झुपके वर आले. मग सुमनबाई उतरल्या. आता वाजेल ते चुंबकाला न चिकटणारं, म्हणजे तांबं, पितळ, चांदी. कानात वाजलं की लांब दांड्याची चाळणी खुपसायची, गाळ वर घ्यायचा, धुवायचा, बघायचा. पितळी घंटी निघाली. निरांजनं निघाली. वाकडी तांब्याची पळी निघाली.

पूर्वी त्या अर्ध्या तासात बाहेर यायच्या. नऊ वाजले, दहा वाजले, तरी त्या पाण्यातच. मी काठावरून विचारलं, "लागून राहिलं का गार?"

"अंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "हातच मेले बघा."

साडेदहाच्या सुमाराला त्यांनी चाळणीतला काही कचरा मागं टाकला, आणि मग एकदम थांबल्या. रबरी मोजा घातलेल्या बोटांकडं बघितलं. तो टाक पत्र्याचा, झिजलेला. बाटलीचं दबलेलं बूच आणि तो, मोज्यातून सारखेच लागणार. "उमाताई, मी आत्ता काय टाकलं ते मलाच म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही मोजे दातांनी ओढून काठावर फेकले.

"सुमन, हात गोठतील," नरसिंगभाऊ ओरडले.

"गोठू द्या. उबेसाठी मोजे घालायचे, आंधळं व्हायला न्हाई."

त्या पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू झाल्या. उघड्या बोटांनी. काठावर आता गर्दी जमली होती. कुणी म्हणालं, "चिल्लर काढणारी बाई देव काढती म्हणं." केवळाबाईनं त्या माणसाकडं असं पाहिलं की तो मागं सरकला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. अकरा वाजून गेले. पुन्हा कानात वाजलं, पण तिथं चाळणी शिरेना. सुमनबाईंनी ती बाजूला ठेवली आणि शेवटच्या दोन दगडांच्या फटीत हात घातला, खांद्यापर्यंत. कान पाण्याला लागला, कानटोपी भिजली. खोका वाचवायला नरसिंगभाऊ चपलांसकट पाण्यात गेले आणि तो वर धरून उभे राहिले.

हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. बोटं इतकी आखडली होती की त्यांना ती उघडता येईना. त्या तशाच पायऱ्या चढून आल्या आणि मूठ केवळाबाईपुढं धरली. म्हातारीनं एकेक बोट सोडवलं. आत गाळानं माखलेला नखाएवढ्या जाडीचाही नसलेला तुकडा. घोडा होता, त्यावर कुणीतरी बसलेलं होतं, त्याला तोंड नव्हतं.

"हाच," केवळाबाई म्हणाली. "हाच माझा."

बाहेर वारा सुटला होता. सुमनबाईंना कापरं भरलं. मी टॉवेल पुढं केला, पण केवळाबाई उठली. बसली होती ती घोंगडी तिनं ओढून काढली आणि सुमनबाईंच्या ओल्या अंगाभोवती गुंडाळली.

भागवत म्हणाला, "आई, ती देवाची घोंगडी हाय. देव हिच्यावर मांडतो आपण. वली होईल."

"घोंगडी वली झाली म्हणून गार पडत न्हाई, एवढं बी ठाऊक न्हाई का तुला? धनगर साऱ्या पावसाळ्यात काय पांघरतो?" म्हातारी म्हणाली. "देव रातभर पाण्यात न्हाऊन आलाय, त्याला थंडी न्हाई. आधी हिला."

खरंच, पाच मिनिटांत सुमनबाईंचं कापरं थांबलं. लोकर ओली होती आणि तरी आत ऊब होती. मी एवढी शिवणकाम करणारी, पण हे मला सुचलं नव्हतं. केवळाबाईनं एका कपातला चहा अर्धा सुमनबाईंना पाजला आणि उरलेला स्वतः घेतला. कालपासूनचा तिचा पहिला घोट.

रविवारी रेणापूरला लग्न वेळेवर लागलं. आम्ही तिघं गेलो होतो. केवळाबाईनं सुमनबाईंना पहिल्या रांगेत, व्याह्यांच्या शेजारी बसवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, "ही नांदेडची. पाण्यात साडेतीन तास उभी व्हती." घोंगडी परत द्यायला गेलो तर तिनं घेतली नाही. देवासाठी दुसरी विणायला टाकलीय म्हणाली.

आता थंडीत आमच्या गल्लीतल्या त्या दोरीवर काळ्या रबरी माणसाशेजारी एक काळी घोंगडीही वाळत असते. नवीन भाडेकरू विचारतो, हे कुणाचं? मी शिलाई मशीन थांबवते आणि सांगते.