रोल संपू दे

परवा ठाण्यात वर्तकनगरच्या नाक्यावर एक मुलगी फेरीवाल्यांवरची कारवाई मोबाइलवर घेत उभी होती. हवालदार तिला म्हणाला, "शूटिंग बंद कर." ती म्हणाली, "कुठल्या कलमाखाली, तेवढं सांगा." तो काहीतरी पुटपुटला आणि बाजूला झाला. मी रिक्षात बसलेले. माझे डोळे भरून आले. रिक्षावाल्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. त्याने बिचाऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. त्याला काय सांगणार, की मला त्या पोरीचा हेवा वाटत होता?

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होते. घरात कॅमेरा एकच, आणि तो बाबांच्या कपाटात, कुलपात. बाबा कोर्टात टायपिस्ट. वस्तू पुरवून वापरणं हा त्यांचा धर्म. रोल एकदा घातला की शेवटचा फोटो काढेपर्यंत तो धुवायला द्यायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. आमच्याच कशाला, सगळ्या कॉलनीचा. एकाच रोलवर कुणाचं बारसं, मग गणपती, मग कुणाचा साखरपुडा. फोटो हातात येईपर्यंत बारशातलं पोर चालायला लागलेलं असायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट हसायचो.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मी तिला मावशीच म्हणायचे. सकाळी कॉलनीत फिरायची, मग नाक्यावर पिंपळाखाली टोपली मांडून बसायची. एका नारळी पुनवेला तिने आम्हाला घरी बोलावलं, आणि मी बाबांच्या शंभर सूचना ऐकून कॅमेरा घेऊन गेलेले. तिच्या नवऱ्याने होडी नव्याने रंगवलेली. तो काही फोटोला उभा राहीना. "मना कशाला? होरीचा काढ," म्हणत होता. शेवटी मावशीने त्याला दंडाला धरून होडीपाशी नेऊन उभं केलं. मी त्याचा फोटो काढला. एकच. दुसरा काढला असता तर बाबांनी घरी जाब विचारला असता.

दिवाळीनंतर तो गेला. ताप डोक्यात गेला म्हणाले. चांगला धडधाकट माणूस, बघता बघता आटोपलं. त्याचा दुसरा फोटो नव्हता. लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता.

मावशीने घरात भिंतीवर खिळा मारून ठेवला. "पोरी, त्याचा फोटो?" असं ती विचारायची, तेही घाईने नाही, कोळंबी निवडता निवडता. मी बाबांकडे बघायचे. बाबा म्हणायचे, "दोनच उरलेत. संक्रांतीला काढू, की लगेच देऊ." मावशी हसायची. म्हणायची, "संपू दे गो रोल. त्यो काय आता पलून जातो?"

संक्रांत आली आणि गेली. त्या दिवशी हळदीकुंकवाच्या गडबडीत कॅमेरा काढायचा राहिलाच. मग मात्र माझं डोकं फिरलं. इस्टेटमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. त्या शुक्रवारी सकाळी मी बाबांना म्हटलं, "माणूस गेला, आणि तुम्ही दोन फोटो कसले वाचवताय?" बाबांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी ठरवलं, उरलेले दोन फोटो नाक्यावर मावशीचेच काढायचे आणि तसंच स्टुडिओत जाऊन रोल द्यायचा. विषय संपला.

नाक्यावर पोचले तर पालिकेची गाडी उभी. माणसं बायकांच्या टोपल्या उचलून गाडीत फेकत होती. मासळी गटारात. मावशीने आपली टोपली एका कडेने धरून ठेवलेली, दुसरी कडा एका माणसाच्या हातात. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दोन्ही फोटो काढले. रागाच्या भरात काढले, पण हात हलला नाही, एवढं आठवतं.

बंदोबस्ताचा हवालदार आला. "परवानगी आहे का? सरकारी कामाचा फोटो काढायला बंदी आहे."

"कोण म्हणतं?"

"खाडीच्या पुलावरचा बोर्ड वाचता येत नाही का?"

तो बोर्ड ठाण्यात कोणी वाचला नव्हता? फोटो काढण्यास मनाई आहे. लहानपणापासून वाचत आलेलो. आता पूल कुठे आणि नाका कुठे! पण बोर्ड इतका अंगात मुरलेला, की माझ्यासारख्या भांडकुदळ बाईलाही क्षणभर वाटलं, असेल बुवा कायदा. तेवढ्यात त्याने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, मागचं झाकण उघडलं आणि सगळी फिल्म भर उन्हात ओढून बाहेर काढली. आजूबाजूला एवढी माणसं उभी होती. एकाने हूं की चूं केलं नाही. कॅमेरा मला परत देऊन, फिल्म रस्त्यावर टाकून तो गाडीत जाऊन बसला. गाडी गेली.

मावशीनेच वाकून ती फिल्म उचलली. हात पदराला पुसले, हळूहळू तिची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

"घे गो. संपला ना रोल? आता दे धुवायला."

मी मान डोलावली आणि घरी आले.

बाबांनी दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या एका वकिलांना विचारलं. वकील हसले. म्हणाले, असा कायदाच नाही. भर रस्त्यावर कोणीही फोटो काढावा. उलट त्या हवालदारानेच रोलला हात लावायला नको होता. हे मला सांगताना बाबांचा आवाज इतका खाली गेलेला की मला पुन्हा विचारावं लागलं. मला तर कायदा नाही हे ऐकून जास्तच संताप आला. असलेल्या कायद्याशी माणूस भांडेल तरी. नसलेला कायदा सगळे पाळत असले, तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची? आणि रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, हे तरी कुठे लिहिलेलं? त्यावर मी आणि बाबा कधी बोललो नाही. पण त्यानंतर बाबांनी कपाटाला कुलूप घातलं नाही.

मावशी सोमवारी पुन्हा पिंपळाखाली बसली, नवी टोपली घेऊन. संध्याकाळी मी कोळीवाड्यात तिच्या घरी गेले. भिंतीवर तो खिळा. त्यावर लावायला माझ्या हातात काहीच नव्हतं. मी सगळं सांगितलं. फिल्मला ऊन लागलं की त्यावरचं सगळं जातं, हेही सांगितलं. ती रडली नाही. तिने खिळ्याकडे बघितलं.

मग म्हणाली, "तू तं डोला लावून बगितलास ना त्याला? सांग मंग."

मी आठवून आठवून सांगू लागले. नवा सदरा होता. वरचं बटण खालच्या काजात गेलेलं. एक हात होडीवर, आणि रंग ओला म्हणून तळवा निळा झालेला. हसत नव्हता.

"आनि?"

"कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता गं. मी दोनदा म्हटलं, काका, इकडे बघा. पण तो तुझ्याकडे बघत होता."

मावशीने पदर तोंडाला लावला.

"मना ठावं नवता," ती म्हणाली. "मी तवा पूजेच्या नारलाकडं बगत होते."

बाहेर कोणीतरी तिला हाक मारली. ती उठली नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे सरकून बसली.

"अजून एकदा सांग," म्हणाली.